पिन कोणी धरायची

रविवार, २ फेब्रुवारी

पिन्या,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. माझे तुला लागू पडत नाहीत असा आजवरचा अनुभव, तेव्हा ते राहू देत. तुझं पार्सल पोचलं. खोका शाबूत आहे, आत काडेपेटीएवढी काळी डबी आहे, एक मेमरी कार्ड आहे आणि तुझी चिठ्ठी आहे. चिठ्ठी छापील. खाली नावसुद्धा छापील.

फोन सोडून हे पत्र कशाला, असं वाटेल. फोनवर माझं दुसरं वाक्य सुरू झालं की तुझी मीटिंग सुरू होते. शिवाय दिवसभर लॅबमध्ये तोंडाला मास्क लावून लोकांच्या कवळ्या घासायच्या म्हणजे बोलायचं सगळं साठून राहतं. ते आता तुझ्या दारात नेऊन ओतते.

बाबा कसे आहेत हे तू चिठ्ठीत विचारलेलं नाहीस, तरी सांगते. खातात, झोपतात, माझ्याशी फार सभ्यपणे वागतात. मला आता 'अहो' म्हणतात. "अहो बाई, तुमच्या घरचे वाट बघत असतील, निघा तुम्ही." मी त्यांची मुलगी आहे हे सांगायचं मी सोडून दिलं. सांगितलं की त्यांना वाईट वाटतं, आणि थोड्या वेळाने कशाचं वाईट वाटलं ते विसरतात, नुसतं वाईट तेवढं राहतं. मग ते मला आवरत बसावं लागतं.

तुझं नाव मात्र पक्कं आहे. दुपारचा चहा झाला की आतल्या खोलीत जातात, त्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसतात आणि म्हणतात, "पिन्या कुठंय? पिन धरायला बोलवा त्याला."

तू विसरला असशील. तुझं विसरणं आजारातलं नाही, म्हणून आठवण करून देते. टाइपरायटर दुरुस्तीचा धंदा बसायला लागला तेव्हा बाबांनी तो ठोकळा घरी आणला. टीव्हीला जोडायचा, कळा आणि यंत्र एकातच. म्हणाले, "उद्या हेच दुरुस्तीला येणार, आत्ताच ओळख करून घेतलेली बरी." ओळख झाली ती एका होडीच्या खेळाशी. मासिकात छापलेल्या प्रोग्रॅमवरून ओळ न् ओळ उतरवून घेतला, खडकांच्या जागा स्वतःच्या मनाने बदलल्या आणि कॅसेटवर साठवला. मग रोज संध्याकाळी कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घालायची, तिथून वायर मशीनला लावायची, बटण दाबायचं, की खेळ मशीनमध्ये उतरतानाच्या किंचाळ्या सुरू. टीव्हीच्या कडेने रंगीत पट्टे धावायचे आणि आपण वाट बघायचो. वायर पिनेच्या मानेशी तुटत आली होती. जरा हलली की सगळं फुकट, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून तू पिन दोन बोटांत धरून बसायचास आणि घरात कोणी पाऊल उचलायचं नाही, कारण टेबल डुगडुगायचं. आई अर्धा सोललेला बटाटा हातात धरून बसलेली असायची. मी दाराशी. आपण चौघं न भांडता एका खोलीत बसायचो ते तेवढंच. तुझं नाव तिथून पडलं, आणि बाबांच्या डोक्यात आता तेच उरलंय.

टेपरेकॉर्डर मागेच मेला, हे तुला मी फोनवर सांगितलं होतं. त्यावर तू ही डबी पाठवलीस, मशीनच्या मागे बसवायची आणि कॅसेटऐवजी कार्डावरून खेळ चालवायची. लिहिलंस, 'ताई, सोपं आहे, दहा मिनिटांचं काम. कार्ड तयार झालं की कळव. मी येतो आणि बाबांबरोबर बसून होडी खेळतो.'

हे शेवटचं वाक्य छापील असलं तरी मी धरून ठेवते आहे. डॉक्टर म्हणतात, जी नावं टिकली आहेत ती फार टिकतील असं नाही, ज्याला भेटायचंय त्याने आत्ता भेटावं. ज्याला म्हणजे तुला. मी तर रोजच भेटते, अनोळखी बाई म्हणून.

ताई


मंगळवार, ११ फेब्रुवारी

पिन्या,

दहा मिनिटं झाली नाहीत अजून.

तू एकशे अठ्ठावीस जीबीचं कार्ड पाठवलंस. 'मोठंच घेतलं, पुन्हा घ्यायला नको.' डबीबरोबर मुंगीच्या अक्षरातला एक कागद आहे, तो तू उघडलासही नाहीस. मी लॅबमधलं भिंग आणून वाचला. त्यात स्वच्छ लिहिलंय की बत्तीसच्या वरचं कार्ड या डबीला कळत नाही, आणि मशीनला तर त्याहूनही कितीतरी लहान पुरतं. तान्ह्या बाळाला बत्तीस दातांची कवळी पाठवावी तसं केलंस तू. तरी मी घालून बघितलं. टीव्हीवर पांढऱ्या अक्षरांत उत्तर आलं, कार्ड नाही. बाबांनी ते वाचलं आणि मला म्हणाले, "बरोबर आहे, कॅसेट कुठाय?"

मग कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याकडे गेले. दोन जीबीचं कार्ड आहे का विचारलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला.

"ताई, एवढंसं कार्ड आता कोण वापरतं? ठेवणार काय त्यात?"

"होडी," म्हटलं.

तो हसला, पण ड्रॉवर उपसून एक शोधून दिलं. कोणाच्या तरी जुन्या कॅमेऱ्यातलं असावं. आत एका लग्नाचे फोटो होते. ते पुसायला माझा हात होईना. अनोळखी माणसांचे फोटो, तरी. शेवटी मोबाईलवालाच म्हणाला, "ज्यांचं आहे त्यांनी टाकून दिलंय, तुम्ही का जीव टाकताय?" बरोबर बोलला. टाकणारे टाकतात, जीव दुसऱ्यांनीच टाकायचा, हे मला कोणी नव्याने सांगायला नको होतं.

पुसायला गेले तर लॅपटॉप म्हणतो, लिहिता येत नाही. अर्धी संध्याकाळ त्यात गेली. कार्डाच्या कुशीला नखाएवढी एक खिटी असते, ती खाली सरकलेली असली की कार्ड कुलूपबंद. तुझ्या चिठ्ठीत हे नव्हतं. तुला माहीत असणार, पण दुसऱ्याला माहीत नसेल हे तुझ्या कधी डोक्यातच येत नाही. खिटी वर केली, फॉरमॅटचे जे दोन-तीन प्रकार दिसले त्यातला सगळ्यांत जुना निवडला. मशीनच्या मागचे पितळी दात काळे पडले होते, ते लॅबच्या स्पिरिटने आणि खोडरबराने घासून लखलखीत केले. दातांचं काम माझ्याकडे लागलं. डबी बसली. टीव्हीवर आता 'कार्ड आहे, रिकामं आहे' असं येतं.

शेजारच्या काकू बाबांजवळ बसायला येतात, त्यांनी विचारलं, एवढी खटपट कशासाठी? म्हटलं, भाऊ येणार आहे. किती वर्षांनी हे वाक्य बोलले, जीभ अडखळली.

ताई


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पिन्या,

तुझा मेसेज वाचला. 'होडी कशाला हवी, नेटवर दुसरे हजार खेळ आहेत, एखादा टाक ना, त्यांना काय कळतंय.'

मी टाकून बघितला. वाईट वाटून घेऊ नकोस, मीही थकते. माकड शिडीवरून उड्या मारतं तसला काहीतरी. चालला, झकास चालला. बाबांनी थोडा वेळ पाहिलं आणि मला म्हणाले, "अहो, हे दुसऱ्या कोणाचं तरी इथे आलंय. ज्यांचं आहे त्यांना परत द्या." त्यांना काय कळतंय, हे तू त्यांच्यासमोर बसून ठरव.

आणि एक. आई गेली तेव्हा तू आलास, पाहुण्यासारखा राहिलास आणि निघताना दारात बूट घालता घालता मला एक वाक्य ऐकवलंस. मी म्हटलं होतं, मला एकटीला झेपत नाही. तू म्हणालास, "ताई, तुला हौस आहे म्हणून करतेस. नाहीतर त्यांना ठेवायच्या चांगल्या जागा आहेत." तेव्हा मी गप्प बसले, कारण टॅक्सी उभी होती. तुझी टॅक्सी नेहमीच उभी असते.

हौस! त्यांची कवळी मी माझ्या हाताने घडवली, सकाळी ती बसवताना ते माझं बोट चावतात आणि मग "माफ करा हं बाई" म्हणतात. याला हौस म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

कॅसेटमधून होडी बाहेर काढायची कशी, ते शोधते आहे. तू ये म्हणजे झालं.

ताई


बुधवार, १९ फेब्रुवारी

पिन्या,

होडी निघाली. कशी निघाली ते सांगायलाच हवं.

टेपरेकॉर्डर उघडला तर आतला रबरी पट्टा वितळून त्याचं काळं डांबर झालेलं. ते खरवडलं. लॅबमधल्या रबराच्या चादरीतून गोल कातरून नवा पट्टा बसवला. आमचे साहेब बघत होते, म्हणाले, "हा कोणत्या पेशंटचा?" म्हटलं, "वडिलांचा."

युक्ती अशी की कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये वाजवायची, वायर लॅपटॉपला लावायची आणि तो किंचाळ्यांचा आवाज लॅपटॉपमध्ये भरून घ्यायचा. मग एक प्रोग्रॅम त्या आवाजाची फाईल करून देतो. फाईलचं नाव इंग्रजी आठ अक्षरांच्या आत हवं, नाहीतर मशीनला वाचता येत नाही. मी नुसतं होडी दिलं. वायर तीच जुनी, मानेशी तुटत आलेली. म्हणून मी पिन दोन बोटांत धरली आणि बटण दाबलं.

पहिली किंचाळी निघाली आणि बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाबा आले. काठी न घेता आले, पिन्या. स्वतःच्या खुर्चीत बसले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि श्वास रोखल्यासारखे ताठ झाले. काकू दारात आल्या, तर बाबांनी हाताने त्यांना थोपवलं. त्याही बिचाऱ्या होत्या तिथे उभ्या राहिल्या. माझी बोटं दुखायला लागली, मी जरा चुळबुळ केली.

"पिन्या," बाबा हळूच म्हणाले, "हलू नकोस."

मी हलले नाही.

केवढ्या काळाने त्यांनी मला 'अहो' सोडून हाक मारली. आवाजात लाड होता. माझ्यासाठी नव्हता, ते मला चांगलं कळत होतं, तरी मी तो घेतला. तुला तो न मागता मिळायचा, आणि तू अधूनमधून मुद्दाम हलायचास. मी दाराशी बसून बघायचे, मला एकदा तरी पिन धरायला द्या म्हणायचे. तर तू म्हणायचास, "ताईचे हात घामट आहेत." तेव्हा तुझा इतका राग यायचा की अजून येतो.

पट्टा शेवटच्या किंचाळीला तुटला. पण आवाज पूर्ण आला आहे. उद्या फाईल कार्डावर घालते. तिकीट बघून ठेव.

ताई


शनिवार, २२ फेब्रुवारी

पिन्या,

कार्ड तयार झालं. तुला फोनवर 'चालू झालं' एवढा मेसेज टाकला आहे, तो मिळाला असेल. बाकीचं इथे लिहिते, कारण ते मेसेजमध्ये मावण्यासारखं नव्हतं.

काल चहा झाल्यावर बाबांना आत नेलं. कार्ड डबीत सरकवलं, यादी आली, होडीवर आणून कळ दाबली. क्षणात होडी. किंचाळी नाही, पट्टे नाहीत, वाट बघणं नाही. निळं पाणी, बाबांनी ठेवलेले खडक, सगळं जिथल्या तिथे. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली.

बाबांनी होडीकडे पाहिलंच नाही. त्यांनी टेबलाच्या कडेला पाहिलं, जिथे तू बसायचास.

"आवाज?" त्यांनी विचारलं.

"आता आवाज लागत नाही, बाबा. लगेच येतं."

"पिन कोणी धरली आहे?"

"कोणी नाही. धरावी लागत नाही."

ते बराच वेळ त्या डबीकडे बघत राहिले. टाइपरायटरची अडकलेली कळ तपासताना बघायचे तसे. मग म्हणाले, "मग पिन्या कशाला येईल?"

त्यांना मी कोण ते कळत नाही, सकाळ की संध्याकाळ ते कळत नाही, आई गेली ते कळत नाही. हे कळलं. मी म्हटलं, "येणार आहे तो, बाबा, त्याने लिहिलंय." त्यांनी माझी समजूत काढल्यासारखी मान हलवली आणि उठून बाहेर गेले.

कालपासून त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही. आजही चहा झाला, ते बाहेरच बसून राहिले. मी दोनदा विचारलं, आत बसायचं का? "नको बाई, तिथे आता काही काम नाही."

तुझं नाव घेतात म्हणून मी मनातल्या मनात किती जळायचे. आता घेत नाहीत तर घर खायला उठतं. पिन्या, पाया पडते, लवकर ये. मोठी असून लिहिते आहे. त्यांचं म्हणणं खोटं पाड.

ताई


गुरुवार, २७ फेब्रुवारी

पिन्या,

तुझं उत्तर रविवारीच आलं. मी ते इथे उतरवते, म्हणजे तुला स्वतःचं अक्षर नसलं तरी माझ्या अक्षरात वाचता येईल. 'वा ताई, ग्रेट! चालू झालं ना, मग आता माझं तिथे खास काम नाही. इकडे खूप गडबड आहे, पुढच्या वर्षी नक्की बघू. त्यांना खेळू दे मजेत.'

मी फोन पालथा ठेवला आणि बाबांकडे बघितलं. ते खिडकीपाशी रुमालाच्या घड्या घालत होते. एवढं डोकं गेलेला माणूस, पण त्यांनी तुला बरोबर वाचलं. आणि मी, शहाणी, तिकीट बघून ठेव म्हणून लिहीत होते. तुझ्यावर चिडू की माझ्या मूर्खपणावर, कळेना. सोयीसाठी तुझ्यावर चिडले.

म्हटलं, तुझ्या वस्तू तुला परत पाठवाव्यात. पॅक करायला मशीनचा जुना खोका माळ्यावरून काढला. थर्मोकोल उचलला तर खाली एक वायर. नवी कोरी, तशीच पिन, तेवढीच लांब, पाकीट फोडलेलंसुद्धा नाही. पाकिटावर बाबांच्या पेन्सिलीतली खूण, दुकानातले सुटे भाग आणले की करायचे तसली. खूण करण्याएवढं त्यांना ठाऊक होतं की ही घरात आहे.

मी तिथेच बसकण मारली. टाइपरायटरच्या केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा माणूस. त्याला एक वायर बदलता येत नव्हती, असं आपण सगळी वर्षं मानलं. आईसुद्धा म्हणायची, "जगाचं दुरुस्त करतात, घरचं तेवढं राहतं." त्यांना ते राहूच द्यायचं होतं. वायर नीट झाली असती तर तू बाहेर खेळायला पळाला असतास, आई स्वयंपाकघरात गेली असती आणि ते एकटे होडी खेळत बसले असते. मी खूप रडले, लिहायला लाज वाटत नाही.

मग डोळे पुसले आणि कार्ड काढून घेतलं. कॅसेटचा भरून घेतलेला आवाज लॅपटॉपमध्ये होताच. तो तसाच वाजवून थेट मशीनमध्ये सोडला तरी चालतं, कॅसेटसारखंच, तेवढाच वेळ घेऊन. मेलेला टेपरेकॉर्डर टेबलावर पुढे ठेवला, लॅपटॉप त्याच्यामागे लपवला. वायर जुनीच लावली. लॅबमध्ये डाग द्यायचं यंत्र आहे, ती मान मला एका मिनिटात जोडता आली असती. नाही जोडली.

किंचाळी सुरू झाली आणि मी वाट बघत राहिले. मला वाटलं, आता उशीर झाला. पण खुर्ची सरकली. बाबा आले, बसले, हात गुडघ्यांवर ठेवले. काकूंना मी आधीच सांगून ठेवलं होतं, त्या दारात भाजी हातात धरून स्तब्ध. कडेचे पट्टे धावत होते. बाबांनी टेबलाच्या कडेला पाहिलं, तिथे मी होते.

"पिन्या, आलास?" म्हणाले.

"आले," म्हटलं. त्यांना ते खटकलं नाही.

"हलू नकोस."

आता हे रोज चालतं. होडी आली की ते खेळतात, पहिल्याच खडकावर आपटतात, मग म्हणतात, "पुन्हा लाव." तुला यायला सांगत नाही. तुझी जागा रिकामी नाही.

या पाकिटात तुझी डबी आहे, दोन्ही कार्डं आहेत आणि ती कोरी वायर आहे. सगळं उत्तम चालतं आणि कशालाच कोणी धरून बसावं लागत नाही, तुझ्या घरी उपयोगी पडेल. जुनी वायर मी ठेवून घेते. तू दारात म्हणाला होतास ना, मला हौस आहे.

ताई